जवानाचं पार्थिव गावात येतं तेव्हा: शासकीय इतमाम, लष्करी मानवंदना आणि गावाने करायची तयारी

जवानाला वीरमरण आल्याची बातमी गावात पोचते त्या रात्री घरोघरी चूल पेटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर माणसं जमतात आणि प्रश्न एकच असतो: पार्थिव कधी येणार आणि आपण काय करायचं? हाताशी बहुतेक वेळा एक, फार तर दोन दिवस. तेवढ्या वेळात रस्ता मोकळा करायचा, मैदान साफ करायचं, चौथरा बांधायचा, आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांतून येणारी माणसं सामावून घ्यायची, आणि ज्या घरावर हे कोसळलंय त्या घराला सांभाळायचं. लष्कर आपला भाग तोलूनमापून करतं. शासनाचा भाग जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक बघतात. बाकी सगळं गावाच्या हातात असतं, आणि चुका बहुतेक तिथेच होतात. त्या प्रेमापोटी होतात, पण त्रास घरच्यांनाच होतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी शब्दाचं. गावभर फलकांवर ‘शहीद’ छापलं जातं, आणि लोकांच्या तोंडी तोच शब्द बसला आहे. त्यात गैर काही नाही. पण लष्कराच्या कागदपत्रांत हा शब्द नाही. सरकारने संसदेतही तसं सांगितलं आहे. सैन्याच्या नोंदीत ‘बॅटल कॅज्युअल्टी’ किंवा ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ असं वर्गीकरण असतं, आणि पुढचे आर्थिक हक्क त्यावर ठरतात. पहिल्यात शत्रूशी किंवा दहशतवाद्यांशी लढताना आलेला मृत्यू येतो आणि कारवाईच्या क्षेत्रातल्या काही घटनाही येतात. आजारपण, रस्त्यावरचा अपघात असे प्रकार सहसा दुसऱ्यात. हे वर्गीकरण अंत्यविधीच्या दिवशी पूर्ण झालेलं नसतंच. तेव्हा भाषणात कुणी ‘एवढे कोटी मिळणार’ असं जाहीर करू नये. सेवेत असताना मृत्यू आला की लष्करी मानवंदना दोन्ही प्रकारांत मिळते. स्वतःच स्वतःला केलेल्या इजेने मृत्यू झाला असेल तर १९६७ च्या आदेशानुसार लष्करी इतमाम नसतो. २०२३ साली पंजाबातल्या एका अग्निवीराच्या वेळी यावरून देशभर वाद झाला, तेव्हा लष्कराने हाच आदेश पुढे केला आणि अग्निवीर व जुना सैनिक असा भेद इथे नसतो हेही स्पष्ट केलं.

आता निरोप कसा फिरतो ते बघू. जवानाच्या युनिटकडून घरी कळवलं जातं, त्याच वेळी रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसकडे नोंद जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. जिल्ह्यात हा निरोप जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांकडे येतो. मानवंदनेची तुकडी मात्र जवानाच्या युनिटमधून यायची नसते. युनिट तिकडे बर्फात असतं. पार्थिवासोबत त्याचे एक-दोन सहकारी येतात, आणि तुकडी जवळच्या लष्करी ठाण्यातून येते. आपल्याकडे पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, कामठी, पुलगाव, मुंबई अशी ठाणी आहेत. कोल्हापुरात टेरिटोरियल आर्मीची, म्हणजे प्रादेशिक सेनेची १०९ मराठा बटालियन आहे. म्हणून गावाने एकाच माणसाशी बोलायचं, तो म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी. सरपंच एकीकडे, पाहुणे दुसरीकडे आणि तालुक्याचे पुढारी तिसरीकडे फोन करत बसले की वेळ तीनदा बदलते, आणि रस्त्यावर चार-चार तास शाळेची पोरं उन्हात उभी राहतात. गावातूनही एकच नाव आणि एकच नंबर द्यावा. माजी सैनिक असेल तर उत्तम, त्याला समोरच्याची भाषा कळते.

जवान कोणत्या दलाचा हे नीट विचारून घ्यावं. सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी ही दलं गृहमंत्रालयाखाली येतात. तिथे सगळी व्यवस्था त्या दलाच्या जवळच्या केंद्राकडून होते. सीआरपीएफची अशी केंद्रं (ग्रुप सेंटर) तळेगाव दाभाड्याला आणि नागपूरजवळ हिंगण्याला आहेत. गडचिरोलीतला जवान महाराष्ट्र पोलीस दलाचा असेल तर मानवंदना पोलिसांची. इतमाम सगळीकडे तोच, फक्त फोन कुणाला करायचा ते बदलतं.

पार्थिव घरी आणण्याची पद्धत आज आपल्याला स्वाभाविक वाटते, पण ती सरसकट सुरू झाली १९९९ च्या कारगिल युद्धापासून. त्याआधीच्या युद्धांत बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिकडेच होत, आणि घरी तार येई. काही दिवसांनी ट्रंक येई. आता काश्मीरमधून निघालेलं पार्थिव बहुधा दिल्लीमार्गे पुण्यात लोहगावला उतरतं. चंदगड-गडहिंग्लज भागातल्या जवानाचं बऱ्याचदा बेळगावला, विदर्भातल्याचं नागपूरला. विमानतळावर पुष्पचक्रं वाहून पहिली मानवंदना होते. विमान संध्याकाळी उतरलं तर रात्री पार्थिव लष्करी रुग्णालयात ठेवतात आणि पहाटे गावाकडे निघतात. ‘आत्ताच आणा’ असा आग्रह गावाने धरू नये. रात्री अकराला गावात पोचलेल्या पार्थिवाला ना नीट दर्शन होतं, ना मानवंदना. लष्करी मानवंदना दिवसाउजेडीच व्हावी, आणि त्या हिशेबाने सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी यात्रा मैदानावर पोचली पाहिजे. हे वेळापत्रक मागून पुढे लावायचं: सूर्यास्त सहाला असेल तर मैदान चारला, यात्रा दोनला निघाली पाहिजे, घरी पार्थिव साडेबाराला हवं. वाटेत प्रत्येक गावात दोन मिनिटं थांबू म्हणतात आणि ती पंधरा होतात. वाटेवर अशी दहा गावं असली की अडीच तास गेले. वाटेवरच्या गावांना आधीच कळवावं की गाडी थांबणार नाही, वेग कमी करेल. त्यांनी फुलं रस्त्याच्या कडेने वाहावीत.

घर. सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच ठिकाणी होतं. गाडी दारात आली की शंभर मोबाइल वर होतात, आणि ज्या आईला गेले दोन दिवस कुणी नीट काही सांगितलेलं नाही ती त्या गर्दीत मागे कुठेतरी अडकलेली असते. घराला किमान अर्धा तास स्वतःचा मिळाला पाहिजे, दार लावून. आत फक्त घरचे, एक डॉक्टर किंवा नर्स, आणि जवानासोबत आलेला त्याचा सहकारी. तो सहकारी फार महत्त्वाचा असतो. शेवटच्या दिवसांत तो बरोबर होता, घरच्यांना जे विचारायचं असतं ते त्यालाच. त्याला पत्रकारांनी ओढून नेऊ नये. पेटी उघडायची की नाही हे सोबतच्या लष्करी अधिकाऱ्याने सांगायचं असतं आणि गावाने त्यावर हुज्जत घालू नये. ‘तोंड तरी दाखवा’ असा गलका बाहेरून होतो, पण स्फोटात किंवा हिमस्खलनात गेलेल्या माणसाची पेटी कधीकधी उघडण्याच्या स्थितीत नसते. ते कारण घरातल्या एका जाणत्या माणसाला बाजूला घेऊन, यात्रा निघण्याच्या बऱ्याच आधी सांगितलेलं असावं. ऐन वेळी दारात सांगितलं की वाद होतो. अंगणात मांडव घालताना पेटीच्या हिशेबाने दार मोजून घ्यावं. पेटी साडेसहा-सात फूट लांब, उचलायला सहा ते आठ जण, आणि जुन्या घरांची दारं व वळणाचे बोळ तेवढे नसतात. घरात नेता येत नसेल तर अंगणातच चौरंग किंवा मजबूत बाक ठेवून चारी बाजूंनी कापड लावून आडोसा करावा.

आता तिरंग्याविषयी. हा भाग मुद्दाम जास्त लिहितो, कारण चांगल्या चांगल्या माणसांकडून इथे चूक होते.

२६ जानेवारी २००२ पासून लागू असलेल्या ध्वजसंहितेत शवपेटीबद्दल स्पष्ट लिहिलं आहे: केशरी पट्टा डोक्याकडे ठेवायचा, झेंडा कबरीत उतरवायचा नाही, चितेत जाळायचा नाही. केशरी डोक्याकडे म्हणजे हिरवा पायांकडे, म्हणजेच पट्टे पेटीवर आडवे येतात. याचा एक परिणाम लक्षात घ्या. झेंड्याची लांबी पेटीच्या रुंदीवर पडते आणि झेंड्याची रुंदी पेटीच्या लांबीवर. संहितेतल्या नऊ प्रमाणित आकारांपैकी १८०० × १२०० मि.मी. चा, म्हणजे सहा बाय चार फुटी झेंडा असा घातला तर पेटीची चारच फूट लांबी झाकली जाते. २७०० × १८०० चा घेतला तर सहा फूट लांबी झाकते, आणि आडवा नऊ फूट असल्याने दोन्ही बाजूंनी उतरून खाली दुमडता येतो. छोटा झेंडा उभा फिरवून, म्हणजे केशरी उजव्या हाताला आणि हिरवा डाव्या हाताला करून पेटी झाकण्याचा मोह होतो तो यामुळेच. पण गावाला हा हिशेब करण्याची वेळच यायला नको, कारण झेंडा लष्कर घेऊन येतं आणि तो पेटीवर घातलेलाच असतो. त्यावर गावाने दुसरा घालायचा नाही. शाली, भगवी वस्त्रं, संस्थांचे पंचे यातलंही काही त्यावर टाकायचं नाही. हारांचा ढीग झेंड्यावर साचू द्यायचा नाही. हार-फुलांसाठी पेटीच्या पायथ्याशी एक टेबल किंवा तिवई ठेवली की लोकांचा हात आपोआप तिकडे जातो. झेंडा हलू नये म्हणून फीत बांधतात. ती कापड आवळणार, फाडणार अशी नसावी.

ट्रकची सजावट. संहितेनुसार वाहनाच्या टपावर, बाजूंना, मागे किंवा बॉनेटवर झेंडा पांघरता येत नाही. ट्रकच्या फळ्यांना तिरंगी कापड गुंडाळण्याऐवजी झेंडूची तोरणं, आंब्याचे डहाळे, पांढरी चादर लावावी. झेंड्यावर कोणताही मजकूर लिहायचा नाही. म्हणजे जवानाचं नाव आणि फोटो छापलेले तिरंगे वाटायचे नाहीत. फोटो आणि नाव साध्या पांढऱ्या फलकावर छापा. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या खांबावरचा झेंडा आपल्या निर्णयाने अर्ध्यावर उतरवायचा नाही. त्याला शासनाचा आदेश लागतो. आदेश आलाच तर झेंडा आधी पूर्ण वर चढवून मग अर्ध्यावर आणायचा, आणि उतरवतानाही पुन्हा वर नेऊन मग खाली. हे सगळं सांगायचं कारण असं की राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायदा, १९७१ खाली झेंड्याच्या अवमानाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा दिवशी गुन्हा कुणी दाखल करत नाही, पण ज्या झेंड्यासाठी तो पोरगा गेला त्याचे नियम त्याच्याच यात्रेत मोडले जाऊ नयेत, एवढं तर आपण सांभाळू शकतो.

यात्रेचा रस्ता आदल्या दिवशी पायी चालून बघावा, सोबत महावितरणचा वायरमन घेऊन. लष्करी ट्रकचा हौदा मुळात उंच, त्यावर पेटीचा चौथरा, त्यावर उभी राहिलेली माणसं, असं करून माथा सहज बारा-तेरा फुटांवर जातो, आणि गावातल्या वीजतारा, केबलच्या वायरी, स्वागताच्या कमानी कित्येकदा त्याहून खाली लोंबत असतात. पंधरा फुटांच्या खाली काही राहू देऊ नये. यात्रेच्या वेळेपुरता त्या फीडरचा, म्हणजे त्या भागाच्या वीजवाहिनीचा पुरवठा बंद ठेवायला लेखी विनंती करावी. ट्रकवर किती जण चढणार ते आधी ठरवून लिहून द्यावं: घरचे दोन-तीन, सोबतचे जवान, बस. कार्यकर्ते चढायला लागले की पेटी झाकली जाते आणि रस्त्याच्या कडेच्या म्हाताऱ्या बायांना, ज्या केवळ त्या पेटीला हात जोडायला आलेल्या असतात, त्यांना दिसतात फक्त पाठी. डीजे नको, फटाके नकोत. टाळ-मृदंगाची दिंडी असेल तर ती गाडीच्या पुढे, पन्नास-साठ पावलं अंतर ठेवून. रस्त्यावर रांगोळी जरूर काढा, पण फुलांच्या पायघड्या मैदानाच्या तोंडाशी टाकू नका. पेटी खांद्यावर घेऊन जवान चालतात तो टप्पा तिथून सुरू होतो, आणि ओल्या पाकळ्यांवर बूट सरकतात. घोषणा घरापासून मैदानापर्यंत. मैदानात शिरल्यावर शांतता हवी, आणि हे ध्वनिक्षेपकावरून एकाच माणसाने, शक्यतो गावातल्या शिक्षकाने सांगायचं.

मैदान. गावची स्मशानभूमी ओढ्याकाठी, अरुंद वाटेची असेल तर शाळेचं मैदान किंवा गायरान निवडतात, त्याला तहसीलदारांची संमती घेऊन ठेवावी. कारण पुढे तिथेच स्मारक करायचं म्हणून मागणी होते आणि जागेची मालकी तेव्हा आडवी येते. चौथरा साधारण बारा बाय बारा फूट, दोन फूट उंच पुरतो. विटा मातीत रचून वर मुरूम टाकला तरी चालतं, ओल्या सिमेंटवर सरण रचू नये. लाकूड तीनशे-चारशे किलो, त्याशिवाय शेणी, आणि पावसाळा असेल तर वर पत्र्याचं छप्पर व लाकूड दोन दिवस आधीच झाकून ठेवलेलं. चौथऱ्याभोवती बांबूंचं रिंगण दोन पदरी करावं. आतलं रिंगण घरच्यांना आणि विधी करणाऱ्यांना, त्याबाहेर मानवंदनेच्या तुकडीला एका बाजूला सलग तीस-चाळीस फूट मोकळी जागा, बिगुलवाल्याला कोपरा. बाहेरच्या पदरापलीकडे गर्दी. रिंगणाला तोंड एकच ठेवलं तर चेंगराचेंगरी होते, म्हणून आत यायला एक आणि बाहेर पडायला दुसरं. शाळेची आरएसपीची (रस्ता सुरक्षा पथकाची) आणि एनसीसीची मुलं इथे फार उपयोगी पडतात. त्यांना पाणी आणि सावलीत बसण्याची पाळी द्यायला विसरू नका. पाण्याचे दोन टँकर, एक रुग्णवाहिका, आणि अग्निशमन गाडी तालुक्याला असेल तर ती.

पुष्पचक्रांचा हिशेब कुणी करत नाही. चाळीस जणांनी प्रत्येकी एक मिनिट घेतलं तरी चाळीस मिनिटं झाली, आणि तेवढा वेळ तुकडी सावधानमध्ये आणि वीरपत्नी उन्हात. शासनाच्या वतीने पालकमंत्री किंवा जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, लष्कराचे अधिकारी, जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, माजी सैनिक संघटना, आणि सगळ्या गावाचं मिळून एक: दहाच्या आत बसतं. बाकी पक्ष, पतसंस्था, कारखाने, मंडळं यांनी आपली चक्रं वाटेवर किंवा घरी वाहावीत. नावं पुकारणाऱ्याच्या हातात यादी आदल्या रात्री बंद झालेली हवी, ऐन वेळी चिठ्ठ्या येतातच आणि त्या नाकारण्याचं बळ त्या माणसाला गावाने दिलेलं असावं. श्रद्धांजलीची भाषणं मानवंदनेच्या आधी नकोत. करायचीच तर तिसऱ्या दिवशी शोकसभेत करा.

मग मानवंदना. वर्तमानपत्रांत हमखास ‘२१ तोफांची सलामी’ छापून येतं. ते चुकीचं आहे. एकवीस तोफा प्रजासत्ताक दिनासारख्या राष्ट्रीय सोहळ्याला असतात. जवानाला रायफलींच्या तीन फैरी दिल्या जातात. तुकडी शस्त्र उलटं धरते. ‘शोक शस्त्र’ या आज्ञेवर रायफलीचं तोंड बुटाच्या टोकावर टेकवलं जातं, दोन्ही तळवे दस्त्यावर एकावर एक येतात, आणि सगळ्यांच्या माना एकदम खाली जातात. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजतं, नंतर शांतता, मग ‘राऊज’. लास्ट पोस्ट म्हणजे छावणीतली दिवसअखेरची धून, आजचा पहारा संपला असं सांगणारी, आणि राऊज ही सकाळची उठवणारी. या दोहोंमधली शांतता मोडू देऊ नये. ध्वनिक्षेपकावर त्याच वेळी देशभक्तीपर गाणं चालू राहिल्याने ती मोडते, म्हणून मशीनवाल्याजवळ एक माणूस उभा करून मुख्य बटणच बंद करवून घ्यावं.

फैरी कोऱ्या काडतुसांच्या असतात, त्यात गोळी नसते. तरी नळीच्या तोंडाशी ज्वाला आणि दाब असतो, त्यामुळे तुकडीच्या पुढे कुणी जायचं नाही, फोटोग्राफरनेही. आवाज मोठा होतो. बैल, घोडी आसपास बांधू नयेत, आणि लहान मुलांना व घरच्यांना आधी सांगून ठेवावं, नाहीतर पहिल्या फैरीला आई दचकून कोसळते. पोलिसांची तुकडी असेल तर एक काळजी जास्त घ्यावी लागते, कारण जुनी, दमट काडतुसं फुटत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बिहारात एका माजी मुख्यमंत्र्यांच्या शासकीय अंत्यविधीत २२ रायफलींपैकी एकही उडाली नाही, आणि ती बातमी देशभर गेली. पोलीस मुख्यालयाला विनंती करून आदल्या दिवशी त्याच साठ्यातली चार-सहा काडतुसं चालवून बघायला सांगणं यात संकोच वाटू देऊ नका. रिकामी काडतुसं तुकडीला मोजून परत न्यावी लागतात, त्यामुळे आठवण म्हणून पोरांनी ती उचलून नेऊ नयेत.

अग्नी देण्याआधी पेटीवरचा झेंडा काढला जातो आणि घडी करून घरच्यांच्या हाती दिला जातो. घडी अशी: झेंडा आडवा धरून केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्या पट्ट्याच्या खाली दुमडायचा, मग पांढरा दोन्ही बाजूंनी असा दुमडायचा की वर अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याची कडा दिसते, आणि ती घडी दोन्ही तळव्यांवर घेऊन द्यायची. झेंडा कुणाच्या हाती द्यायचा, पत्नीच्या की आईच्या, हे घराने सकाळीच ठरवून अधिकाऱ्याला सांगावं. मैदानात, कॅमेऱ्यासमोर हा प्रश्न निघाला तर दोन्ही बायकांना आयुष्यभर लागून राहतं. घरी नेल्यावर झेंडा काचेच्या पेटीत, कोरड्या जागी ठेवावा. पंधरा ऑगस्टला तो फडकवायला काढू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाचं एक काम उरतं. रस्त्याच्या कडेला, गटारात, मैदानात कागदाचे शेकडो छोटे झेंडे पडलेले असतात. संहितेप्रमाणे ते जमिनीवर टाकून देता येत नाहीत. शाळेच्या मुलांना पोती देऊन, शिक्षकांसोबत, घरापासून मैदानापर्यंत एक फेरी मारून ते गोळा करावेत आणि खाजगीत, मान राखून त्यांची विल्हेवाट लावावी. शक्यतो कागदी झेंडे वाटूच नयेत. हातात फूल पुरतं.

निवृत्त सैनिकाचं वृद्धापकाळाने निधन झालं तर तिरंगा घालावा का, हे बऱ्याचदा विचारलं जातं. कायद्याने झेंडा पांघरण्याची मुभा शासकीय, सैन्यदलांच्या आणि निमलष्करी दलांच्या अंत्यविधीपुरती आहे. तसा इतमाम अधिकृतपणे मिळालेला नसेल तर घरच्यांनी किंवा मंडळाने स्वतःहून तिरंगा घालू नये. त्याऐवजी माजी सैनिक संघटनेला बोलवा. पदकं मखमलीच्या उशीवर ठेवून पुढे न्यावीत, माजी सैनिकांनी आपापली पदकं लावून दोन रांगांत चालावं. त्याने मान कमी होत नाही.

वर्षानंतरचा स्मृतिदिन ही वेगळी गोष्ट. त्या दिवशी गावाला संचलन करायचं असतं आणि लष्कराचा बँड हवा असतो. पत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जवळच्या ठाण्याच्या स्टेशन कमांडरच्या नावे, किमान दीड-दोन महिने आधी द्यावं. पत्रात जवानाचा सैन्य क्रमांक, हुद्दा, युनिट, वीरमरणाची तारीख आणि ठिकाण, कार्यक्रमाची वेळ मिनिटांसह, जागेचा नकाशा, पाहुण्यांची पूर्ण यादी, आणि पोलिसांच्या परवानगीची प्रत जोडावी. पाहुण्यांची यादी लपवू नका. व्यासपीठ एखाद्या पक्षाचं दिसलं, निवडणुकीचा काळ असला, किंवा मागे बिल्डरचा फलक लागणार असला तर गणवेशातला माणूस तिथे येणार नाही, आणि ते योग्यच आहे. पूर्ण बँड मागण्यापेक्षा एक बिगुलवाला आणि पुष्पचक्र वाहायला एक अधिकारी किंवा जेसीओ (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकारी) मागावा. एवढी मागणी मान्य होण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि गावच्या चौकात एकटा बिगुल बँडपेक्षा जास्त आत जातो. २६ जुलै, १५ ऑगस्ट, १६ डिसेंबर, २६ जानेवारी या तारखांना माणसं मिळणं कठीण. जवानाची स्वतःची तारीखच धरावी. नाहीच कुणी आलं तर माजी सैनिक आणि एनसीसीची मुलं मिळून संचलन नीट करू शकतात: पुढे फोटो, मग वीरमाता-वीरपत्नी, मग पदकं लावलेले माजी सैनिक, शेवटी शाळा. पदकं स्वतः मिळवणाऱ्याने डाव्या छातीवर लावायची, आणि गेलेल्या जवानाची पदकं घरच्यांनी अशा प्रसंगी उजव्या बाजूला लावायची असतात.

स्मारकाचा दगड घडवताना घाई करू नये. साताऱ्याच्या मिलिटरी अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक शंभर वर्षांनंतरही उभं आहे. आपण कोरतो तेही तेवढा काळ वाचलं जाणार. मजकूर रेकॉर्ड ऑफिसच्या पत्रावरून घ्यावा, फ्लेक्सवरून नाही. फ्लेक्सवर हुद्दा चुकतो, युनिटचं नाव अर्धवट असतं, आणि वीरमरणाच्या तारखेऐवजी अंत्यविधीची तारीख पडते. सैन्य क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, युनिट, ठिकाण, तारीख आणि गाव एवढं पुरतं. उद्घाटकाचं नाव त्याच दगडावर नको, हवं तर पायरीवर वेगळी फरशी बसवा. कोरण्याआधी कच्चा मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घरी न्यावा आणि आईला वाचून दाखवावा. नावातला ऱ्हस्व-दीर्घ आणि आडनाव घरात कसं लिहितात ते तिला विचारून मगच छिन्नी लावावी.